बाजरीच्या डब्यातला फॉर्म

अहो,

काल दुपारी आप्पा आले होते. तुमचे बबन आप्पा, दौंडच्या यार्डात तुमच्याबरोबर तीस वर्षं गाड्यांची चाकं वाजवत फिरलेले. एसटीनं आले, उन्हानं तोंड लाल झालेलं. दारात चप्पल काढता काढता सवयीनं हाक मारली, "अरे ए, हायस का घरात?" आणि तिथंच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. मीच म्हटलं, "या आप्पा, आत या." तेराव्याला येऊन पंगतीत बसून जेवून गेलेला माणूस, पण जिभेला कोण सांगणार?

माझ्या पेन्शनचा फॉर्म भरायला आले होते. माझ्या म्हणजे, तुमच्या मागं मला मिळायची ती. नंदी म्हणत होती, आई, मी भरते. पण मी म्हटलं, रेल्वेचे कागद आप्पांना कळतात, त्यांनाच येऊ दे. खरं सांगू? मला तुमच्या बाजूचं कुणीतरी घरात बसलेलं हवं होतं. तुमच्यासारखंच बशीत ओतून चहा पिणारं.

माझं नाव, तुमचं नाव, बँक, सगळं भरत आप्पा एका रकान्याशी आले. चष्मा कपाळावर चढवला. "वहिनी, पेन्शनचा काही भाग विकला होता का, असं विचारत्यात. न्हाई लिहितो."

"लिहा की ठळक," मी म्हटलं. "मी विकू दिली न्हाई म्हणावं!"

काय सांगू तुम्हाला. तुम्हाला जाऊन महिना झाला नाही, कपाळ अजून मला आरशात ओळखू येत नाही, आणि माझ्या आवाजात तोच जुना तोरा. चौदा वर्षं जो मी चाळीत, लग्नाकार्यात, नळावर मिरवला तो. आप्पांनी काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं.

त्यांचं पुढं सांगते. आधी आपलं भांडण सांगू दे, कारण ते अर्धंच राहिलंय, आणि अर्धं भांडण टाकून जाणं तुम्हाला शोभलं नाही.

तुम्ही रिटायर व्हायला दोन महिने होते. क्वार्टरात मी भाकरी थापत होते आणि तुम्ही तो फॉर्म घेऊन चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाट टाकून बसलात. म्हणालात, "शेवंता, आईक. पेन्शनीतले शंभरातले चाळीस सरकारला विकता येत्यात. त्याचे एकदम रोख मिळत्यात. मग पंधरा वर्षं पेन्शन तेवढी कमी येती. पंधरा वर्षांनी परत सगळी चालू."

"आन् एकदम पैसे कशाला पायजेत तुम्हाला? काय बँडबाजा लावायचाय?"

"शिरूरला नंदीच्या घरामागं दोन खोल्या निघाल्यात. पुढं ओटा हाय, कडीपत्त्याचं झाड हाय. भिंत वाजवून आलोय मी. खणखणीत."

वाजवून आलात! तुम्ही काय वाजवून बघितलं नाहीत ते सांगा. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं, एकेका चाकावर ठोका मारायचा, आवाज खणखणीत आला तर पुढं, बद्द आला तर चाकात खोट. ते काम तुम्ही बाजारातही सोडलं नाही. मडकं घेताना वाजवायचं, कलिंगड घेताना वाजवायचं. नंदीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्या बोलण्यावर तुम्ही आत येऊन मला सांगितलं, "पोरगा खणखणीत हाय, बाप जरा बद्द वाजतो." आणि तेच खरं निघालं.

पण मी ऐकलं नाही. कारण मी भांडगावची, आणि माझ्या बापाचं मी बघितलं होतं. साखर कारखान्यातनं सुटले तेव्हा सगळा पैसा एकदम हातात आला. एकदम आलेला पैसा म्हणजे उघडी गुळाची ढेप. भावकी लागली, पाव्हणे लागले. ह्याचं लग्न, त्याची मोटारसायकल, देवळाचा कळस. बापाला नाही म्हणता येत नव्हतं. दोन वर्षांत ढेप संपली, आणि माझी आई हायवेला पाटी घेऊन पेरू विकायला बसली. म्हातारपणी. मी सासरहून माहेरी चालले की एसटीच्या खिडकीतनं मला माझी आई दिसायची, आणि मी तोंड फिरवायची. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. तोंड फिरवायची ते. आज सांगते. आणि दुसरं एक भ्या, जे तोंडानं बोलताच येईना: विकली तर तुमच्या मागं माझीही पेन्शन कापून येईल.

म्हणून मी म्हटलं, "न्हाई. महिन्याच्या महिन्याला येतंय ते येऊ द्या. विटा काय जेवाया घालणार हायत?"

"अगं, आयुष्य गेलं क्वार्टरात. भिंतीला खिळा ठोकायचा तर तू मला इचारायचीस, सायेब रागावंल का. आपल्या भिंतीला आपला खिळा ठोक की एकदा."

"खिळ्यावर पोट भरत न्हाई."

"बरं, ते जाऊ दे. तू फकस्त एवढं आईक. मी गेल्यावर तुझ्या..."

आणि मी पिठाचा हात तुमच्या तोंडावर दाबला. "शुभ बोला! भरल्या घरात असलं बोलत्यात व्हय?"

मिशीला पीठ लागलं होतं तुमच्या. तुम्ही हसलात. पण परत चारदा, पाचदा तुम्ही ते वाक्य सुरू केलंत. जेवताना. शिरूरला खोली भाड्यानं बघायला आलो त्या दिवशी एसटीत. नंदीच्या पोराच्या बारशाच्या रात्री. "मी गेल्यावर तुझ्या..." आणि दर वेळी मी, कधी हात, कधी पदर, कधी नुसता डोळा. आमच्यात बाईनं नवऱ्याला हे वाक्य पुरं करू द्यायचं नसतं. माझ्या आईनं करू दिलं नाही, तिच्या आईनं करू दिलं नाही. नवऱ्याच्या आयुष्याला आपण राखण बसलोय असं वाटतं ना बाईला. एक वाक्य अडवलं की एक दिवस वाढला.

तर मी तो फॉर्म लपवला. हे तुम्हाला माहीत नाही असं मला इतकी वर्षं वाटत होतं. बाजरीच्या डब्यात, तळाला, वर्तमानपत्राच्या घडीखाली, आणि वरनं बाजरी. आप्पांनीच कधी बोलता बोलता सांगितलं होतं की एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मला वाटलं, वर्ष काढलं की झालं. तारीख गेली की दार बंद.

तुम्ही फॉर्म शोधला नाहीत. एकदा नुसतं म्हणालात, "कुठं ठिवला म्या कोण जाणं." मी म्हटलं, "तुमचं काय, तुम्ही हातोडी बी फलाटावर इसरता." तुम्ही म्हणालात, "व्हय, इसरतो खरा."

क्वार्टर सोडलं. शिरूरला ह्या दोन भाड्याच्या खोल्यांत आलो. त्या ओट्याच्या खोल्या कुणी दुसऱ्यानं घेतल्या. वर्ष उलटून काही महिने झाले असतील. एक दिवस तुम्ही सकाळीच बँकेचं काम आहे म्हणून गेलात आणि संध्याकाळी आलात ते हातात पेढ्यांचा पुडा. अर्धा किलो. तुमच्यासारख्या मोजून खर्च करणाऱ्या माणसानं! उंबऱ्यातनंच ओरडलात, "शेवंता, जिंकलीस बघ तू. न्हाई विकत पेन्शन. तुझं आईकलं."

मी सगळ्या चाळीत पेढे वाटले. प्रत्येक दारात सांगितलं, आमच्या ह्यांनी माझं ऐकलं. तुम्ही पेढा खाल्ला नाहीत. म्हणालात, साखर कमी करायची म्हणतो. मी म्हटलं, हरल्याचं तोंड कडू झालंय, दुसरं काय. आणि तुम्ही हसलात. तुमचं ते हसू मी आता रोज काढून बघते.

आता आप्पांचं सांगते.

टोपण लावून बसले आणि म्हणाले, "वहिनी, रागावू नगा. सांगायचं न्हाई म्हणून त्यानं माझ्याकडनं शबूद घेतला व्हता. पर शबूद घेणाराच गेला. आता म्या कुणापाशी ठिवायचा?"

"काय झालं आप्पा?"

"त्यानं अर्ज केला व्हता. पेन्शन विकायचा."

मी म्हटलं, "शक्यच न्हाई. फॉर्म माझ्यापाशी..." आणि माझं मलाच ऐकू आलं.

आप्पा खाली बघून हसले. "बाजरीच्या डब्यात. ठावं हाय मला. त्यालाबी ठावं व्हतं. रिटायर झाल्यावर दळण कोण न्यायचं, वहिनी?"

अहो! दळण तुम्ही न्यायचात. शनिवारच्या शनिवारी. शिरूरला आल्यापासनं ते काम तुम्ही अंगावर घेतलं होतं, आणि मला एवढी साधी गोष्ट सुचली नाही. घरात जो एकच डबा तुम्ही हाताळणार, नेमका त्याच डब्यात मी तुमच्यापासनं कागद लपवून ठेवलेला.

आप्पा म्हणाले, "म्या म्हणलं, दुसरा फॉर्म आणून देतो, त्यात काय. तर म्हणला, न्हाई बबन्या, तिनं लपवलाय म्हंजी त्ये तिचं उत्तर हाय. तिच्या हातानं बाहीर निघू दे. तवर पिकू दे बाजरीत." वर्षभर थांबलात तुम्ही. मी काढीन म्हणून. मी काढला नाही.

वर्ष उलटलं, तेव्हा आपल्या ह्या घराच्या मालकानं खोल्या विकायचं काढलं. मग तुम्ही आप्पांकडनं फॉर्म मागवला. पण नियम असा की वर्षाच्या आत अर्ज केला तर नुसती सही पुरते. वर्षानंतर केला तर आधी डॉक्टरांची तपासणी. मला वाटलं होतं दार बंद होतं. दार उघडंच होतं हो, फक्त मी त्या दारात डॉक्टर बसवून ठेवला.

"म्या बाहीर बाकड्यावर व्हतो," आप्पा सांगत होते. "लई येळ लागला. बाहीर आला त्यो हसतच. म्हणला, बबन्या, आज डॉक्टरनं माझं चाक वाजवलं. बद्द आलं."

छातीचं दुखणं होतं. जुनं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं की ह्या माणसाचं वय आहे त्याहून आठ वर्षं जास्त धरा. वय जास्त धरलं की विकलेल्या पेन्शनचे पैसे कमी मिळतात, कारण माणूस किती दिवस काढील त्याच्यावरच तो सगळा भाव. तुमचा भाव उतरला. खोल्यांना पुरतील एवढे पैसे होईनात. नियमात पंधरा दिवसांची सवलत असते, पटत नसेल तर अर्ज मागं घ्यायची. आप्पा म्हणाले, अरे, मिळतील तेवढे घे, बाकीचं बघू. तुम्ही म्हणालात, "आन् तिनं इचारलं, कमी का आले, तर? मग छातीचं सांगावं लागंल. त्यापरीस तिला जिंकू दे."

त्याच दिवशी मागं घेतलात. आणि पेढे घेतलेत.

मी चाळीत जे वाटले ते हेच पेढे.

त्यानंतर चौदा वर्षं तुम्ही रोज सकाळी एक गोळी घ्यायचात. पाकिटातनं काढून त्या जुन्या चुन्याच्या डबीत भरून ठेवलेली, म्हणजे नंदीनंसुद्धा नाव वाचू नये. मला सांगितलंत, गुडघ्याची. आणि मी काय काय बोलले! "चौदा वर्षं गोळ्या खाऊन गुडघा सोडून सगळं बरं झालं तुमचं." पाव्हण्यांसमोर बोलले. तुम्ही गुडघा चोळून दाखवायचात. नाटकी माणूस.

आता मला सांगा, मी काय करू ह्याचं? फॉर्म लपवला नसता तर तुम्ही सही करून मोकळे झाला असतात, ओट्यावर कडीपत्त्याखाली बसला असतात, आपल्या भिंतीला खिळा ठोकला असता. पण मग डॉक्टर भेटला नसता, आणि गोळीही नाही. मग ओट्यावर किती दिवस बसला असता? एक वर्ष? दोन? आप्पा म्हणतात, "वहिनी, तुमच्या लपवण्यानं तर गडी चौदा वर्षं जगला." मी एका घटकेला ते खरं मानते, चहा करते, केर काढते. दुसऱ्या घटकेला वाटतं, आप्पा मला बरं वाटावं म्हणून बोलले. कधी वाटतं मी तुम्हाला जगवलं. कधी वाटतं मी तुम्हाला घर मिळू दिलं नाही. दोन्ही एकाच हातानं केलं. हा हात घेऊन मी भाकरी थापते.

आणि खरा घाव ह्यात नाहीच. तो आप्पांनी जाता जाता घातला. बिचाऱ्यांना कळलंही नाही.

मी विचारलं, "आप्पा, पण माझं भ्या तरी खरं व्हतं ना? विकली असती तर ह्यांच्या मागं माझी पेन्शन कापूनच आली असती ना?"

"कोण म्हणलं?" आप्पा चकित झाले. "वहिनी, विकलेली पेन्शन त्याची. तुमची त्याच्यातनं कापत न्हाईत. माणूस गेला की सरकार उरलेलं मागतबी न्हाई. तुमच्या पेन्शनीतला एक रुपाया कमी झाला नसता. त्यानं सांगितलं न्हाई तुम्हाला? मला तर म्हणला व्हता, तिला एवढंच पटवायचंय, मग ती न्हाई म्हणणार न्हाई."

आप्पा चप्पल घालू लागले.

मी गेल्यावर तुझ्या. मी गेल्यावर तुझ्या पेन्शनीतलं काही कापणार न्हाईत. एवढंच होतं ना हो ते वाक्य? पाच वेळा सुरू केलेलं? मी त्यात तुमचं मरण ऐकत होते आणि तुम्ही मला माझं जगणं सांगत होता. एकदा, नुसतं एकदा मी भाकरीचा हात परातीत ठेवला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. ना डबा, ना लपवणं, ना तुमचं ते चौदा वर्षांचं गुडघा चोळणं.

आप्पा गेल्यावर मी बाजरीचा डबा रिकामा केला. सुपात, परातीत, मिळेल त्यात बाजरी ओतली. तळाला कागद होता. फॉर्म तसाच, कोरा, घडीवर पिवळा पडलेला. पण त्याच्यावरचं वर्तमानपत्र मी अंथरलेलं नव्हतं. ते मागच्या दिवाळीचं होतं. दर दिवाळीला डबे घासायचं काम तुम्ही मागून घ्यायचात, आणि मी सगळ्यांना सांगायची, आमचे हे रिटायर झाल्यापासनं बायकी कामं करतात. तुम्ही दर वर्षी डबा घासत होता, नवीन कागद घालत होता, आणि माझा लपवलेला फॉर्म पुन्हा होता तिथं, होता तसा ठेवत होता. माझी चोरी मी विसरून गेले. राखली तुम्ही.

गेलात त्या शनिवारीही दळणालाच निघाला होता. उंबऱ्यात बसलात. म्हणालात, "थांब, जरा दम खातो." मी आतनं म्हटलं, "गुडघा का?" तुम्ही म्हणालात, "व्हय. गुडघाच." मी बाहेर येईपर्यंत मान कलली होती. पण पिशवी सांडली नव्हती. भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. एवढ्यातही तुम्ही बाजरी सांडू दिली नाहीत.

आता नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा. दर वर्षी तुम्ही जायचात, मी म्हणायची, "जा, जित्ते असल्याचं सांगून या." आता मी जाऊन सांगायचं की मी जिवंत आहे. मशीनवर अंगठा लावून. लावीन. पण तिथल्या माणसानं मान वर करून विचारलं, जिवंत आहात ना, तर काय सांगू, ते माहीत नाही.

रकान्यात आप्पांनी शेवटी "नाही" लिहिलं. मी सही केली. ठळक लिहा म्हटलं नाही.

तुमचा फोटो अजून भिंतीला लावला नाही. खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं, आणि मला विचारायचं नाही. फोटो बाजरीच्या डब्यावर भिंतीला टेकवून ठेवलाय. फॉर्म परत तळाला घातलाय, वर कागद, वर बाजरी. भाकरीचं पीठ संपलं की दळणाला तुम्हाला उतरवून खाली ठेवावं लागतं, आणि मग परत वर.

भाकरी थापायला बसले की तुम्ही बरोबर माझ्या तोंडासमोर येता. क्वार्टरात पाट टाकून बसायचात तसे.

हे बघा, हात परातीत आहेत माझे. दोन्ही. उचलणार नाही.

बोला आता. "मी गेल्यावर तुझ्या..." पुढं काय म्हणत होता, ते सगळं बोला.